नारळ कधी द्यावा? : फुटबॉलच्या नव्या मॅनेजरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : नवा मॅनेजर आला, संघ हरतोय, त्याला ठेवायचं की घालवायचं? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा मित्रांचा गट रात्री जागून प्रीमियर लीग बघतो. नव्या मॅनेजरने पहिल्या दहांतले सहा सामने घालवले की आमच्यात दोन तट पडतात. ‘फर्ग्युसनलाही वेळ दिला होता’ हे वाक्य तर दर वर्षी ऐकू येतं. हे उदाहरण खरंच लागू होतं का? – वाचक, पुणे

उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. त्या हंगामात संघ अकरावा आला, पुढच्या हंगामात दुसरा, मग पुन्हा अकरावा आणि १९८९-९०मध्ये तेरावा. सप्टेंबर १९८९मध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुव्वा उडवला. जानेवारी १९९०मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, तिसऱ्या फेरीत मार्क रॉबिन्सच्या गोलवर नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवलं आणि त्या एका गोलने नोकरी वाचली, ही झाली दंतकथा. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र नंतर सांगितलं, की तो सामना हरले असते तरी फर्ग्युसनना काढणार नव्हतो. त्याच वर्षी एफए कप आला, १९९१मध्ये कप विनर्स कप आणि लीग थेट १९९३मध्ये.

कट्ट्यावरच्या गप्पांत तीन गोष्टी गळून पडतात. पहिली, युनायटेडने कोणा नवख्यावर डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता. अ‍ॅबर्डीनसारख्या क्लबला फर्ग्युसननी तीनदा स्कॉटलंडची लीग जिंकून दिली होती आणि १९८३मध्ये युरोपियन फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवलं होतं. दुसरी, गुणतक्ता रडका दिसत असताना खाली काम चालू होतं. शोधपथक वाढवलं जात होतं, शाळकरी पोरं हेरली जात होती. रायन गिग्ज त्याच काळात क्लबकडे आला. १९९२मध्ये एफए यूथ कप जिंकणारी पोरं त्याच पेरणीतली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, वेळ देऊनही ज्यांच्या हातून काही घडलं नाही त्यांची नावं कोणाच्या तोंडी नसतात. जे टिकले त्यांच्याच गोष्टी होतात. तेव्हा पुढच्या वेळी मित्राने फर्ग्युसनचं नाव काढलं, तर त्याला एवढंच विचारा : आपल्या मॅनेजरकडे दाखवायला मागचं काम काय आहे आणि आत्ता खाली काय पेरलं जातंय? दोन्हींचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर फर्ग्युसनना वादातून बाहेर ठेवा.

प्रश्न : मग आर्सेनलने मिकेल आर्टेटांना का ठेवलं? लागोपाठ दोनदा आठवा क्रमांक, नंतर पहिले तिन्ही सामने हरून तळाला. हा जुगार होता की काही दिसत होतं? – वाचिका, नागपूर

दिसत होतं. अलीकडच्या काळातलं हे सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आर्टेटा डिसेंबर २०१९मध्ये आले. त्याआधी ते मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्दिओलांचे सहायक होते. स्वतंत्रपणे संघ सांभाळलेला नव्हता. ऑगस्ट २०२०मध्ये एफए कप जिंकला. मग २०२०-२१च्या पहिल्या १४ सामन्यांत ८ पराभव, फक्त १२ गोल आणि पंधरावा क्रमांक. नाताळच्या आठवड्यात त्यांची गच्छंती ठरलीच आहे असं सगळे धरून चालले होते.

२६ डिसेंबरला चेल्सीला ३-१ हरवलं. त्या दिवशी एमिल स्मिथ रोला दहा नंबरच्या जागी खेळवलं आणि मधली फळी व आघाडीची फळी यांतली दरी बुजली. तिथून हंगाम संपेपर्यंत २४ सामन्यांत ४७ गुण. या गतीने पूर्ण ३८ सामने खेळले असते, तर ७४च्या आसपास गुण झाले असते. पण तक्त्यात सगळं एकत्र मोजलं जातं. शेवटी ६१ गुण, आठवा क्रमांक आणि २५ वर्षांत पहिल्यांदा युरोपच्या स्पर्धांबाहेर.

आता बचावाचा आकडा पाहा. २०१८-१९मध्ये आर्सेनलने लीगमध्ये ५१ गोल खाल्ले होते, २०१९-२०मध्ये ४८, आणि या ‘वाईट’ हंगामात ३९. त्यांच्यापेक्षा कमी गोल फक्त मँचेस्टर सिटी आणि चेल्सीने खाल्ले होते. म्हणजे घराचा पाया भरून झाला होता, छप्पर बाकी होतं. बहुतेक चांगले प्रशिक्षक याच क्रमाने जातात, कारण बचावाची शिस्त सरावाने बसवता येते. गोल करणारे पाय मात्र विकत घ्यावे लागतात किंवा वाढवावे लागतात.

तिसरं, संघाची साफसफाई. जानेवारी २०२१मध्ये मेसुत ओझिल गेला, सोक्रातिस आणि मुस्ताफी यांचे करार मुदतीआधी संपवले. त्या उन्हाळ्यात सहा खेळाडू घेतले : बेन व्हाइट, रॅम्सडेल, ओडेगार्ड, तोमियासू, लोकोंगा, तावारेस. सगळे २३ किंवा त्याहून लहान. पुढे कर्णधार ओबामेयांगचं कर्णधारपद काढून घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. हे निर्णय आर्टेटा आणि तांत्रिक संचालक एडू यांनी मिळून घेतले. मॅनेजर एकीकडे ओढतोय आणि खरेदी करणारा दुसरीकडे, असं तिथे नव्हतं.

राहिले ते २०२१-२२च्या सुरुवातीचे तीन पराभव : ब्रेंटफर्ड ०-२, चेल्सी ०-२, सिटी ०-५. नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. पण ब्रेंटफर्डविरुद्ध ओबामेयांग आणि लाकाझेत दोघेही आजारी होते, आणि सिटीविरुद्ध झाका पस्तिसाव्या मिनिटालाच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. रॅम्सडेल आणि तोमियासू यांनी ११ सप्टेंबरला नॉर्विचविरुद्ध पहिला लीग सामना खेळला आणि गॅब्रिएल दुखापतीतून परतला तोही त्याच दिवशी. आर्सेनल १-० जिंकलं. ज्या संघावरून मॅनेजरला जोखायचं, तो संघ आधीचे तिन्ही दिवस मैदानात नव्हताच. हंगामाअखेर ६९ गुण आणि पाचवा क्रमांक, पुढच्या वर्षी ८४ गुण आणि दुसरा.

प्रश्न : ‘एक्सजी’ हा आकडा सगळीकडे दिसतो. मॅनेजर सुधारतोय की नाही, हे त्यावरून कसं बघायचं? किती सामने पुरेसे? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल. जागा, कोन, पायाने की डोक्याने, पास कसा आला यावरून प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता दिली जाते. पेनल्टीला साधारण ०.७८, २५ मीटरवरून मारलेल्या फटक्याला ०.०३च्या आसपास. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचा एक्सजी. फोटमॉब किंवा सोफास्कोर या अ‍ॅपवर मोठ्या लीगच्या सामन्यांसाठी तो फुकट दिसतो.

एक वही किंवा स्प्रेडशीट करा. प्रत्येक सामन्यासाठी एक ओळ, आणि तीत एवढंच :

– आपला एक्सजी, पेनल्टी वजा करून
– प्रतिस्पर्ध्याचा एक्सजी, तोही पेनल्टी वजा करून
– दोन्हींतला फरक
– घरच्या मैदानावर की बाहेर, आणि समोरचा संघ तक्त्यात कितवा
– लाल कार्ड असल्यास कोणाला आणि कितव्या मिनिटाला
– नेहमीच्या अकरांपैकी किती जण खेळले

पेनल्टी का वजा करायची? एक शिट्टी ०.७८ची भर घालते आणि खेळ कसा झाला याबद्दल काहीच सांगत नाही. लाल कार्डाची नोंद का? कारण साठ मिनिटं दहा जणांनी खेळलेल्या सामन्याचा आकडा इतरांत मिसळला, तर सरासरी बिघडते. तो सामना बाजूला काढून ठेवा.

मग फरकाची दहा-दहा सामन्यांची सरासरी काढा : १ ते १०, मग २ ते ११, मग ३ ते १२. एकेका सामन्याकडे बघूच नका. ही सरासरी वर चढतेय की सपाट आहे की घसरतेय, तेवढं पाहा. दहांपेक्षा कमी सामन्यांवर मत बनवणं म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणं.

नशीब किती खेळ करतं याचा हिशेब तुम्हाला लगेच पटेल. समजा, तक्त्याच्या मध्यावरचा एखादा संघ कुठलाही सामना जिंकण्याची शक्यता ३५ टक्के आहे. तर ठरावीक पाच सामन्यांत एकही विजय न मिळण्याची शक्यता ०.६५चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ११.६ टक्के. मॅनेजर तोच, संघ तोच, काही बिघडलेलं नाही, तरीही दर नऊ वेळांत एकदा असं होणार. वीस संघ आणि ३८ सामने धरले, तर दर हंगामात कुठे ना कुठे अशी रडकी मालिका चालू असतेच.

दुसरी कसोटी गोलफरकाची. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये शून्य गोलफरकाच्या संघाला ढोबळमानाने ५२ गुण पडतात आणि प्रत्येक गोलामागे साधारण पाऊण गुणाहून थोडं कमी इकडेतिकडे होतं. आता २०२४-२५चं टॉटनहॅम घ्या : ६४ गोल केले, ६५ खाल्ले. हिशेबाने पन्नाशीच्या आसपास गुण हवेत. मिळाले ३८, क्रमांक सतरावा, २२ पराभव. याचा अर्थ अँज पोस्टेकोग्लू निर्दोष होते असा नाही. इतके निसटते सामने हरणं यात नशीब थोडं आणि शेवटच्या वीस मिनिटांतली ढिलाई बरीच असू शकते. पण सतराव्या क्रमांकाचा संघ आणि उणे एक गोलफरकाचा संघ, यांना एकच औषध देऊन चालत नाही. त्यांनी युरोपा लीग जिंकून दिली, क्लबचा १७ वर्षांचा दुष्काळ संपवला आणि सोळा दिवसांनी त्यांना काढलं.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण मॅनेजर बदलला की संघ लगेच जिंकायला लागतो हे डोळ्यांना दिसतं त्याचं काय? – वाचक, नाशिक

नव्याचे नऊ दिवस. त्यामागे बरंचसं गणित आहे. मॅनेजरला काढतात कधी? संघ आपल्या कुवतीपेक्षाही खाली गेलेला असतो तेव्हा. तिथून काहीही केलं किंवा न केलं, तरी संघ सरासरीकडे परत येतो. बास तेर व्हील या डच अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या तपासल्या. तशाच घसरणीतून जाणारे, पण मॅनेजर न बदललेले संघ त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. सुधारणा दोन्हीकडे सारखीच झाली.

याचा चोख नमुना २०१७चं क्रिस्टल पॅलेस. फ्रँक डी बोअर यांना लीगच्या चार सामन्यांनंतर नारळ मिळाला : चारही पराभव, शून्य गोल. शेवटच्या बर्नलीविरुद्धच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला स्वतःच्याच खेळाडूच्या चुकलेल्या बॅकपासवर गोल खाल्ला आणि नंतर उरलेला वेळ हल्ले करूनही गोल झाला नाही. मग रॉय हॉजसन आले आणि त्यांनीही पहिले तीन सामने गमावले, पुन्हा एकही गोल न करता. सात सामने, सात पराभव, शून्य गोल. आठवा सामना गतविजेत्या चेल्सीशी होता आणि तो पॅलेसने २-१ जिंकला. त्या दिवशी पहिल्या सामन्यापासून जायबंदी असलेला विल्फ्रेड झाहा परतला होता. हंगामाअखेर ४४ गुण आणि अकरावा क्रमांक.

हॉजसननी काहीच केलं नाही असं नाही. डी बोअर तीन बचावपटूंची रचना बसवू पाहत होते, ती मोडून त्यांनी चार जणांची जुनी ओळखीची रांग परत आणली. पण झाहाचा गुडघा आणि दिनदर्शिका यांचं श्रेय ‘बदला’च्या खात्यात जमा झालं, हेही खरं.

प्रश्न : थांबू नये, असं कधी वाटतं तुम्हाला? की नेहमी ‘अजून वेळ द्या’ हेच उत्तर? – युनायटेडचा चाहता, मूळचा सातारचा, सध्या लंडन

अजिबात नाही. चार लक्षणं अशी आहेत की त्यांतली दोन एकत्र दिसली, तर वाट बघण्यात अर्थ नाही.

खेळाला योजना नसणं, हे पहिलं. डेव्हिड मोयेस यांच्या काळात ९ फेब्रुवारी २०१४ला तळाच्या फुलहॅमविरुद्ध युनायटेडने एका सामन्यात ८१ क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेले चेंडू, टाकले. सामना २-२ सुटला. एक दार उघडत नाही हे दिसल्यावरही तेच दार ८१ वेळा ठोठावणं याला दुर्दैव म्हणता येत नाही. आदल्या वर्षी ८९ गुण घेऊन जिंकलेल्या संघाने त्यांच्या ३४ लीग सामन्यांत ५७ गुण मिळवले. करार सहा वर्षांचा होता, टिकले दहा महिने.

त्यांची बाजूही सांगायला हवी. गिग्ज चाळिशीचा, फर्डिनंड पस्तिशीचा, विडिच आणि एव्हरा तिशी ओलांडलेले, असा संघ त्यांच्या हाती आला. मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल त्याच उन्हाळ्यात गेले, म्हणजे खरेदी करणाराही नवाच. पण फर्ग्युसनच्या हाताखालचे अनुभवी सहायक त्यांनी स्वतः बदलले. ओळखीची माणसं घालवली की ड्रेसिंग रूमची भाषा समजावणारा कोणी उरत नाही. नव्या मॅनेजरने जुन्या सहायकांपैकी निदान एक जण वर्षभर ठेवावा, हे आमचं ठाम मत.

दुसरं लक्षण, रचना आणि खेळाडू यांचा सांधा न जुळणं, आणि तो जुळवायची कुठलीही तारीख नसणं. रूबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४मध्ये, हंगाम चालू असताना, तीन बचावपटूंची ३-४-३ घेऊन युनायटेडमध्ये आले. या रचनेत दोन्ही बाजूंचे विंगबॅक संपूर्ण कड धावून काढतात. संघात तसे खेळाडू जवळजवळ नव्हते. डोर्गू हा विंगबॅक फेब्रुवारीत आला. त्यांच्या २७ लीग सामन्यांत २७ गुण झाले, क्लब ४२ गुणांसह पंधरावा आला आणि युरोपा लीगची फायनलही टॉटनहॅमकडून ०-१ हरला.

पण ‘त्यांना वेळ मिळाला होता’ असं कोणी म्हणालं तर त्याला आठवड्याचं वेळापत्रक दाखवा. गुरुवारी रात्री युरोपचा सामना, रविवारी लीग. शुक्रवारी सामना खेळलेल्यांना सायकल, मालिश, तलाव. शनिवारी अर्धा-पाऊण तास हलका सराव आणि कॉर्नर-फ्रीकिकची उजळणी. सोमवारी पुन्हा विश्रांती. मंगळवार हातात राहतो, बुधवारी बहुधा प्रवास. आठवड्याला एकच सामना असेल, तर सामन्याच्या चार आणि तीन दिवस आधी असे दोन पूर्ण ताकदीचे सराव मिळतात आणि नवी रचना तिथेच बसते. म्हणून महिने मोजू नका, मोकळे आठवडे मोजा. सहा महिन्यांत सहा मोकळे आठवडे मिळाले असतील, तर त्याला मिळालेला वेळ दीड महिना.

तिसरं लक्षण, एकाच जातीची चूक पुन:पुन्हा. पहिल्या महिन्यात कॉर्नरवर गोल खाल्ले तर समजण्यासारखं आहे. पाचव्या महिन्यातही दूरच्या खांबाजवळ तोच माणूस मोकळा सुटत असेल, तर सराव होत नाही किंवा कोणी ऐकत नाही. चौथं म्हणजे धावणं थांबणं. चेंडू गमावल्यानंतरची पहिली पाच सेकंदं बघा. खेळाडू हात पसरून एकमेकांकडे बघायला लागले, की मॅनेजरचा शब्द संपला.

याशिवाय एक प्रकार असा असतो की निवडच चुकलेली असते. सप्टेंबर २०२५मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने खोल बचाव करून प्रतिहल्ला करणाऱ्या नुनो यांच्या जागी बचावफळी मध्यरेषेपर्यंत पुढे नेणारे पोस्टेकोग्लू आणले, तेही हंगाम सुरू झाल्यावर. ३९ दिवस, ८ सामने, एकही विजय नाही. इथे मॅनेजरला किती वेळ द्यावा हा प्रश्नच गौण आहे. निवड करणाऱ्यांनी आरशात बघावं.

प्रश्न : मॅनेजरला काढायला खर्च किती येतो? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

बराच. युनायटेडने एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरअखेर त्यांना काढलं. ते आणि त्यांचे सहकारी यांच्यापोटी क्लबला १ कोटी ४ लाख पौंड द्यावे लागले. अमोरिमना सोडवून आणण्यासाठी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला द्यावी लागलेली रक्कम वेगळीच, १ कोटी १० लाख युरो. नव्या माणसाला नवे खेळाडू हवे असतात, तो खर्च याहून मोठा.

तरी क्लब घाई करतात, कारण खाली पडण्याची भीती त्याहून महाग. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबला ‘पॅराशूट’ रक्कम मिळते, पण ती दर वर्षी कमी होत तीन वर्षांत संपते, आणि वर एकच हंगाम काढलेल्याला दोनच वर्षं मिळते. तळाच्या तिघांत असाल आणि दहा सामन्यांची सरासरी घसरत असेल, तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत निर्णय व्हावा. म्हणजे नव्या माणसाला जानेवारीतल्या खरेदीत बोलता येतं. फेब्रुवारीत काढणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त : पैसेही गेले आणि संघ तोच.

प्रश्न : खालिद जमील यांच्याबद्दल तुमचं मत काय? फातोर्डाला सिंगापूरकडून हरलो तो सामना अजून डोळ्यांसमोरून जात नाही. – वाचक, मडगाव

देशाच्या संघाला वरचे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत. क्लबच्या मॅनेजरला खेळाडू रोज भेटतात. देशाच्या प्रशिक्षकाला फिफाने देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या नऊ दिवसांच्या खिडकीत दोन सामने खेळायचे असतात आणि त्यांतही पहिले दोन दिवस खेळाडू विमानातून उतरत असतात.

जमील ऑगस्ट २०२५मध्ये भारताचे प्रशिक्षक म्हणून आले. सावियो मेडेरा या तुमच्या गोव्याच्या प्रशिक्षकांनंतर १३ वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७मध्ये आय-लीग जिंकून देणं हे त्यांचं मागचं काम. आशियाई कप पात्रता फेरीत गटातला एकच संघ पुढे जाणार होता आणि ते येण्यापूर्वीच भारताला दोन सामन्यांत फक्त एक गुण होता : बांगलादेशशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१. पहिल्याच स्पर्धेला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. तरी ताजिकिस्तानला २-१ हरवलं, ओमानला पेनल्टींवर हरवलं आणि मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला.

मग सिंगापूरमध्ये १-१. त्यात संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं, त्यामुळे तो फातोर्डाला नव्हता. छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली, पण मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली आणि दुसऱ्या सत्रात दुसरा गोल खाल्ला. १-२. आशियाई कपचं दार बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१.

आमचं मत : फातोर्डाच्या पराभवाची जबाबदारी त्यांच्यावर येते. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन संघ मागे सरकला आणि मधल्या फळीतली जागा सिंगापूरला मिळाली. ते बाकावरून थांबवता आलं असतं. पात्रता हुकल्याचं खापर मात्र त्यांच्या एकट्याच्या माथी फोडता येत नाही. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, याचा अर्थ नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागी क्लब वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू खेळवतात. ते कुठलाही प्रशिक्षक नऊ दिवसांत बदलू शकत नाही. प्रशिक्षक बदलणं आपल्याला स्वस्तही पडलेलं नाही : इगोर स्टिमाच यांना जून २०२४मध्ये काढल्यावर महासंघाला ४ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

प्रश्न : मॅनेजर आणि हेड कोच यांत फरक काय? – वाचिका, सोलापूर

मॅनेजरचा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत शब्द चालतो. हेड कोच हाती आलेल्या खेळाडूंना तयार करतो आणि खरेदी क्रीडा संचालक करतो. आर्टेटांचं पद सप्टेंबर २०२०मध्ये हेड कोचवरून मॅनेजर असं बदललं गेलं. दोष वाटताना आधी पाटीवर काय लिहिलंय ते वाचावं.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाला यंदा नवा कोच आहे. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये सुरुवात वाईट झाली, कट्ट्यावर रोज बैठक. आमच्याकडे ना एक्सजी, ना अ‍ॅप. काय मोजावं? – मंडळाचा कार्यकर्ता, कोल्हापूर

दोन पोरं, दोन वह्या पुरतात. एकाने आपल्या संघाचं लिहायचं, दुसऱ्याने समोरच्याचं. फक्त तीन खुणा : पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेला फटका, बाहेरून मारलेला फटका, आणि कॉर्नर किंवा फ्रीकिकवरून झालेला फटका. प्रत्येक खुणेपुढे मिनिट लिहा. आतल्या फटक्यांतला फरक हा तुमचा एक्सजी समजा. बाहेरचे फटके मोजणीत धरू नका. गॅलरीतून ते फार छान दिसतात, एवढंच.

सामन्याला आतले फटके आपले चार आणि त्यांचे तीन असे पडत असतील आणि तरी तुम्ही हरत असाल, तर कोचला हात लावू नका. गोलरक्षक किंवा स्ट्रायकरकडे बघा. आपले दोन आणि त्यांचे सहा असतील आणि आठ सामन्यांनंतरही तसेच असतील, तर बैठक बरोबर आहे. गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत जात असतील, तर दम कमी पडतोय, म्हणजे सरावाच्या हजेरीचं रजिस्टर उघडा. आठवड्याला चार सरावांपैकी अकराच्या अकरा खेळाडू किती वेळा एकत्र आले? दोनदासुद्धा नसतील, तर जगातला कुठलाही कोच काही करू शकणार नाही.

कोचला सुरुवातीलाच कागदावर तीन गोष्टी लिहून द्या आणि त्याचीही सही घ्या : किती सामन्यांनंतर आढावा घ्यायचा (आठ ठेवा), संघनिवडीत मंडळाचा कोणीही बोलणार नाही, आणि एकोणीस वर्षांखालच्या किती पोरांना खेळवायचं. दुसऱ्या अटीवर मंडळातल्या ज्येष्ठांचीही सही हवी, नाहीतर कागद फाडून टाका.

आढाव्यात बाद फेरीच्या स्पर्धा वेगळ्या ठेवा. तिथे एका दिवसाच्या चुकीने स्पर्धा संपते. पेनल्टी शूटआउटवर गेलेला सामना जिंकला असो वा हरला, वहीत तो बरोबरी म्हणूनच लिहायचा.